नैसर्गिक निवडीच्या विचाराची जन्मकथा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी मला व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा विषय माझ्या इच्छेवर सोपविला. वयोमानाप्रमाणे मी एखाद्या संतचरित्रावर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र विषय निवडला तो शास्त्रातला. मी पडलो साधा शाळामास्तर. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा हा अधिकाराबाहेरचा उद्योग कशासाठी, याचा खुलासा प्रथम केला पाहिजे.

काही दिवसांपूर्वी आपल्यातील एका घरी सत्यनारायणाच्या प्रसादास गेलो होतो. त्या घरातील एक मुलगी केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत दहावीला होती. तिने सर्वांसमक्ष मला विचारले, ''गुरुजी, ताईच्या विज्ञानाच्या पुस्तकात उत्क्रांतीचा भाग होता, माझ्या पुस्तकात तो नाही. तो खोटा ठरला म्हणून काढला का हो?'' तिचे म्हणणे बरोबर होते. २०२३ साली आलेल्या दहावीच्या सुधारित पुस्तकातून तो भाग वगळण्यात आला, आणि देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी सही करून त्याविषयी खेद प्रकट केला होता. परंतु मी उत्तर देण्यापूर्वीच तिचे आजोबा म्हणाले, ''बरे झाले काढला ते. आपली कुळे ऋषींची, माकडांची नव्हेत!'' सारी मंडळी हसली. मुलगी गप्प बसली. आणि खरे सांगतो, मीही गप्पच बसलो.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण असे गप्प बसण्याची ती माझी पहिलीच वेळ नव्हती. सातवी-आठवीच्या वर्गात एखादा विद्यार्थी 'माणूस कोठून आला?' असे विचारी, तेव्हा 'पुढच्या वर्गात कळेल' असे म्हणून मी वेळ मारून नेत असे. पालक काय म्हणतील, हे भय मनात असे. त्या मुलीचे उत्तर माझ्याकडे थकले आहे. ते आज आपल्या सर्वांच्या साक्षीने फेडावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

सिद्धांत खरा की खोटा, हा वाद मी आरंभीच घालीत नाही. हा विचार कोणाच्या मनात, कसा व कोणत्या परिस्थितीत जन्मला, ते आधी सांगतो. एखाद्या माणसाची पारख करायची तर आपण त्याचे घराणे विचारतो. विचाराचेही तसेच करावे. आणखी एक सूचना. शास्त्रात प्राण्यांच्या 'जाति' म्हणतात, त्यांस मी येथे 'प्रजाति' म्हणणार आहे, म्हणजे आपल्या 'ज्ञाती'शी घोटाळा होणार नाही.

दोनशे वर्षांपूर्वी युरोपात सर्वसामान्य समजूत अशी होती की, प्रत्येक प्रजाति ईश्वराने स्वतंत्रपणे निर्माण केली व ती आहे तशीच राहिली आहे. आयर्लंडमधील जेम्स अशर या धर्मगुरूने सतराव्या शतकात बायबलातील वंशावळींचा हिशेब करून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी झाला, असे काढले होते. एवढ्या अल्प काळात प्रजाति बदलण्यास अवसर तो कोठला? तथापि प्रजाति बदलत असाव्यात, ही शंकाही काही विचारवंतांनी बोलून दाखविली होती. फ्रान्समधील लामार्क याने १८०९ साली त्यावर ग्रंथच लिहिला. परंतु बदल घडतो तो कोणत्या कारणाने, याचे पटणारे उत्तर कोणाजवळ नव्हते.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की, मत्स्य, कूर्म, वराह या क्रमाने आपल्या पुराणांत हे पूर्वीच आले आहे. क्रमातील साम्य मनोवेधक आहे खरे, आणि श्रद्धेचा विषय म्हणून दशावतार मलाही पूज्यच आहेत. परंतु अवतार ही एकाच भगवंताने धारण केलेली रूपे होत. एका प्रजातीपासून दुसरी प्रजाति कशी निपजते, हा प्रश्न तेथे विचारलेलाच नाही. म्हणून दोहोंची गल्लत करू नये. त्यात ना धर्माचा लाभ, ना शास्त्राचा.

आता मूळ कथेकडे वळू. चार्ल्स डार्विन याचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडातील श्रूजबरी या गावी एका सधन डॉक्टराच्या घरी झाला. वडिलांनी त्यास वैद्यकी शिकण्यासाठी एडिंबरोस पाठविले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. शस्त्रक्रियेच्या वेळचा आक्रोश त्याला सहन होईना. त्याने तो अभ्यास सोडला. परंतु तेथे असताना त्याने एक विद्या मात्र संपादन केली. मृत पक्ष्यांची कातडी सोलून, ती भरून टिकविण्याची ही कला त्याला जॉन एडमनस्टन नावाच्या एका कृष्णवर्णीय गृहस्थाने शिकविली. हा गृहस्थ दक्षिण अमेरिकेतील गयानाहून आलेला, पूर्वी गुलाम असलेला व पुढे मुक्त झालेला होता. सधन घरातील मुलाने अशा माणसासमोर शिष्य म्हणून बसावे, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे जगप्रवासात डार्विनला हीच विद्या उपयोगी पडली.

वैद्यकी साधली नाही म्हणून वडिलांनी त्यास धर्मोपदेशक करण्याच्या हेतूने केंब्रिजला पाठविले. तेथे हेन्स्लो या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचा त्याच्यावर लोभ जडला, आणि त्यांच्याच शिफारशीने 'बीगल' या सरकारी जहाजावर निसर्गाचा अभ्यासक म्हणून जाण्याची संधी त्यास लाभली. २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाजाने इंग्लंडचा किनारा सोडला, ते २ ऑक्टोबर १८३६ रोजी परतले. निघताना डार्विनचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

या प्रवासात त्याच्या हाती भूगर्भशास्त्रज्ञ लायेल यांचा ग्रंथ होता. डोंगर-दऱ्या एका दिवसात होत नाहीत; पाऊस, वारा, नद्या व भूकंप यांच्या नित्याच्या कार्याने, अपार काळ लोटल्यावर त्या घडतात, असे लायेल यांचे प्रतिपादन होते. १८३५ च्या फेब्रुवारीत चिली देशात मोठा भूकंप झाला, तेव्हा किनाऱ्याची जमीन काही फूट वर उचलली गेल्याचे डार्विनने स्वतः पाहिले. थोडे थोडे मिळून पुष्कळ होते, हा धडा त्याने तेथे घेतला.

त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात जहाज पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांवर सुमारे पाच आठवडे होते. तेथील अधिकारी म्हणाला की, कासव दाखवा, ते कोणत्या बेटावरचे ते मी सांगतो. डार्विनने हे ऐकले, परंतु त्या वेळी त्याचे महत्त्व त्यास उमगले नाही. तेथील फिंच नावाचे चिमणीएवढे पक्षी त्याने गोळा केले. पण कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, याची चिठ्ठी बांधण्याचे राहून गेले! विद्यार्थी मित्रांनो, थोर माणसेही वहीत नोंद करण्यास विसरतात. फरक एवढाच की, त्याने ती चूक झाकून ठेवली नाही. जहाजावरील इतर मंडळींनी आपापल्या पक्ष्यांस चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्या मागवून घेऊन त्याने शक्य तेवढी दुरुस्ती केली.

लंडनला पोहोचल्यावर पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८३७ च्या जानेवारीत ते पक्षी तपासले. डार्विनला जे निरनिराळ्या कुळांतील पक्षी वाटले होते, ते सारे एकाच गटातील निरनिराळ्या प्रजाति निघाल्या. कोणाची चोच जाड, बी फोडण्याजोगी. कोणाची बारीक, किडे टिपण्याजोगी. मॉकिंगबर्ड या दुसऱ्या पक्ष्यांच्या तर बेटागणिक वेगळ्या प्रजाति होत्या. या पक्ष्यांचे जवळचे आप्त समोरच्या दक्षिण अमेरिकेत होते. मग असे का न मानावे की, मुख्य भूमीवरून आलेल्या थोड्या पक्ष्यांचा वंश वेगवेगळ्या बेटांवर वाढला व वाढता वाढता भिन्न झाला? त्याच वर्षीच्या जुलैत सुरू केलेल्या टिपणवहीत डार्विनने एक लहानसे झाड रेखाटले. एका खोडास फुटलेल्या फांद्या, फांद्यांस डहाळ्या; आणि वर 'असे वाटते' अशा अर्थाचे दोनच शब्द. आपण ज्यास वंशवृक्ष म्हणतो, तोच हा. फक्त यात एका घराण्याऐवजी साऱ्या जीवसृष्टीचा वंश होता.

परंतु फांद्या फुटतात कशा? त्याचे उत्तर त्यास १८३८ च्या सप्टेंबरात माल्थस यांचा लोकसंख्येवरील निबंध वाचताना सुचले. लोकसंख्येस अटकाव नसेल तर ती दर पंचवीस वर्षांनी दुप्पट होईल. अन्न त्या वेगाने वाढत नाही, असे माल्थस यांचे म्हणणे. डार्विनच्या मनात आले की, माणसाचे जे, तेच प्रत्येक प्राण्याचे. आपल्या अंगणातील आंब्याचाच विचार करा. मोहोर किती येतो, त्यातून कैऱ्या किती धरतात, आणि पडलेल्या किती कोयींची झाडे होतात? जन्मतात असंख्य, टिकतात थोडे. एकाच आईबापांची संतती असूनही कोणतेही दोन जीव तंतोतंत सारखे नसतात. मग ज्याचा लहानसा फरक त्या ठिकाणी, त्या परिस्थितीत उपयोगी पडेल, त्याच्या टिकण्याचा संभव अधिक; आणि जो टिकेल त्याचाच वंश पुढे चालेल. तो फरकही वंशात उतरेल. अशा हजारो पिढ्या लोटल्या की मूळचे रूप ओळखू येणार नाही.

आपला शेतकरी तरी दुसरे काय करतो? खळ्यावर टपोरी कणसे बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवतो व वर्षानुवर्षे पीक सुधारत नेतो. डार्विनने पुढे स्वतः कबुतरे पाळली. लक्का, लोटन असे नाना प्रकार माणसाने निवडीनेच निर्माण केले आहेत, हे त्याने बारकाईने पाहिले. शेतकऱ्याच्या ठिकाणी निसर्गातील जगण्याची ओढाताण ठेवा, म्हणजे झाली 'नैसर्गिक निवड'. एवढा हा साधा विचार आहे.

विचार साधा, पण तो बोलून दाखविणे साधे नव्हते. १८४२ साली त्याने त्याचा पस्तीस पानांचा आराखडा केला. १८४४ साली सुमारे दोनशे तीस पानांचा निबंध लिहिला, आणि तो छापण्याऐवजी पत्नीच्या नावे एक पत्र लिहून ठेवले की, मला अचानक मृत्यू आला तर यासाठी चारशे पौंड खर्च करून हा प्रसिद्ध करावा. आपला मित्र हुकर यास त्याने हे मत प्रथम कळविले, तेव्हा जणू खुनाची कबुली द्यावी तसे वाटते, असे तो लिहून गेला. ज्या समाजात आपण वाढलो, जी पत्नी मनापासून धार्मिक, जे गुरू स्वतः धर्मोपदेशक, त्या साऱ्यांची मने दुखावतील, ही धास्ती त्यास होती. त्याशिवाय पुरावा अपुरा आहे, हीही टोचणी होतीच. म्हणून खडकांना व जहाजांच्या तळाला चिकटणारे बार्नकल नावाचे क्षुद्र जीव घेऊन त्यांच्या अभ्यासात त्याने आठ वर्षे घालविली. याच काळात, १८५१ साली, त्याची दहा वर्षांची लाडकी कन्या ॲनी वारली.

येथे एक कौटुंबिक गोष्ट सांगतो, कारण ती आपणांस परकी वाटणार नाही. डार्विनची पत्नी एमा ही त्याची सख्खी मामेबहीण होती. त्यांना दहा अपत्ये झाली. त्यांपैकी तीन बालपणीच गेली. जवळच्या नात्यातील विवाहाचा संततीवर परिणाम होत असेल काय, या शंकेने तो पुढे आयुष्यभर अस्वस्थ होता. आपल्या घरची लाज म्हणून त्याने ती शंका दडवली नाही. वनस्पतींवर वर्षानुवर्षे प्रयोग करून १८७६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मामाची मुलगी करण्याची चाल ज्यांच्यात आहे, त्यांनी हे ऐकून ठेवावे.

आता कथेतील दुसऱ्या पुरुषाकडे येऊ. आल्फ्रेड रसेल वॉलेस याचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क गावाजवळ झाला. घरची स्थिती खालावली, तेव्हा सुमारे चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. म्हणजे आमच्याहूनही कमी शिकलेला! थोरल्या भावाबरोबर जमीन मोजणीचे काम करीत तो गावोगाव हिंडला व रानातील झाडे ओळखावयास आपणच शिकला. पुढे लेस्टर गावी काही काळ त्याने मास्तरकी केली. तेथील सार्वजनिक वाचनालयात त्याने माल्थस वाचला, आणि तेथेच हेन्री बेट्स नावाचा कीटकांचा छंद असलेला मित्र त्यास मिळाला. प्रजाति कशा उत्पन्न होतात, याचा शोध लावण्याची ईर्ष्या धरून हे दोघे तरुण १८४८ साली ॲमेझॉन नदीच्या अरण्यात गेले. खर्चाची तजवीज एकच: पक्षी व कीटक गोळा करून इंग्लंडातील संग्राहकांस विकावयाचे.

चार वर्षांच्या श्रमानंतर १८५२ साली वॉलेस परत निघाला, तो भर समुद्रात जहाजास आग लागली. बरोबर असलेला सारा संग्रह व बहुतेक टिपणे डोळ्यांदेखत जळाली. दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर एका जहाजाने त्यास वाचविले. धाकटा भाऊ तर आदल्याच वर्षी तिकडे पीतज्वराने वारला होता. दुसरा कोणी असता तर घरी स्वस्थ बसला असता. हा दोन वर्षांनी पुन्हा निघाला व १८५४ पासून १८६२ पर्यंत सिंगापूर, बोर्निओ, जावा, सेलेबीझ असा मलाया द्वीपसमूहात हिंडला. या आठ वर्षांत त्याने सव्वा लाखाच्या वर नमुने जमविले. त्याचा मलायी सहायक अली याचे या कामी मोठे साह्य झाले, हे वॉलेसने स्वतः कृतज्ञतेने नमूद केले आहे.

१८५५ साली वॉलेसने एक निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक नवी प्रजाति तिच्या निकटच्या जुन्या प्रजातीच्या प्रदेशात व काळातच उद्भवते, असे त्यात दाखविले होते. या निबंधाकडे लक्ष द्या, असे डार्विनला आवर्जून लिहिणाऱ्यांत एक जण आपल्या देशात होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या वस्तुसंग्रहालयाचे रक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५५ च्या डिसेंबरात तेथून तसे पत्र पाठविले. लायेल यांनीही डार्विनला सावध केले की, लवकर प्रसिद्ध कर, नाही तर दुसरा कोणी पुढे जाईल. १८५६ साली डार्विनने मोठा ग्रंथ लिहावयास घेतला खरा, पण काम संथ चालले होते.

१८५८ चा फेब्रुवारी महिना. टर्नेट बेटाच्या परिसरात वॉलेस थंडीतापाने अंथरुणास खिळला होता. अंगावर घोंगड्या घेऊन पडला असता, अनेक वर्षांपूर्वी वाचलेला माल्थस त्यास आठवला. इतके जन्मतात, इतके मरतात. मग जगतात ते कोण? उत्तर त्याच्या मनात विजेसारखे चमकले. ताप उतरताच दोन-तीन संध्याकाळी बसून त्याने निबंध लिहिला, आणि पुढच्या टपालाने पाठविला तो नेमका डार्विनकडे. योग्य वाटल्यास लायेल यांस दाखवावा, अशी विनंती केली.

जूनमध्ये ते पाकीट डार्विनच्या हाती पडले. वीस वर्षे जे मनात घोळविले, तेच परक्याच्या हातचे, तयार, समोर. आपल्या सर्व नावीन्याचा चुराडा झाला, असे त्याने लायेल यांस कळविले. त्याच्यापुढे दोन मार्ग होते. निबंध दाबून ठेवणे सहज शक्य होते. पाठविणारा हजारो कोस दूर, विचारणारा कोणी नाही. त्याने तो निबंध तत्काळ लायेल यांजकडे रवाना केला. मी हलकेपणाने वागलो असे कोणास वाटण्यापेक्षा माझे सारे पुस्तक जाळून टाकीन, अशा आशयाचे त्याने लिहिले. त्याच दिवसांत घरात आरक्तज्वर शिरला आणि २८ जून रोजी त्याचे दीड वर्षाचे धाकटे मूल दगावले. कागदपत्रे मित्रांच्या स्वाधीन करून तो बाजूला झाला.

लायेल व हुकर यांनी तोडगा काढला. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या सभेत डार्विनच्या १८४४ च्या निबंधातील उतारा, १८५७ साली त्याने अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांस लिहिलेल्या पत्राचा भाग, आणि वॉलेसचा निबंध, असे तिन्ही एकत्र वाचण्यात आले. डार्विन हजर नव्हता. मुलाचे दफन व्हावयाचे होते. वॉलेस न्यू गिनीत होता आणि आपला निबंध वाचला जात आहे, याची त्यास वार्ताही नव्हती. सभेत फारशी चर्चा झाली नाही. पुढील वर्षी अध्यक्षांनी वार्षिक भाषणात सांगितले की, गतवर्षी विशेष क्रांतिकारक असा शोध लागला नाही! अहवाल लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

न्यायाच्या दृष्टीने पाहता वॉलेसची परवानगी न घेता हे केले गेले, हे उणे मान्य केले पाहिजे. परंतु वॉलेसला ते कळले तेव्हा त्याने तक्रार केली नाही. एवढ्या मोठ्या माणसांनी आपला निबंध वाचला, याचा आनंद त्याने आईस लिहिलेल्या पत्रात व्यक्त केला. डार्विनने मोठा ग्रंथ बाजूस ठेवून संक्षेप लिहिला आणि २४ नोव्हेंबर १८५९ रोजी 'प्रजातींचा उगम' हा त्याचा ग्रंथ बाहेर पडला. पहिल्या आवृत्तीच्या १,२५० प्रती पुस्तकविक्रेत्यांनी हातोहात उचलल्या. त्यात हत्तींच्या वाढीचे एक गणित चुकले होते. वाचकांनी ते दाखवून देताच पुढील आवृत्तीत त्याने ते सुधारले. वॉलेसने आपला 'मलाया द्वीपसमूह' हा १८६९ चा ग्रंथ डार्विनलाच अर्पण केला, आणि १८८९ साली या विषयावर लिहिलेल्या ग्रंथास स्वतःचे नाव न देता 'डार्विनिझम' असे नाव दिले. माणसाच्या बुद्धीचा उगम केवळ नैसर्गिक निवडीने लागत नाही, असे वॉलेसचे मत पुढे झाले व त्या बाबतीत दोघांचा मतभेद झाला. तरी स्नेह ढळला नाही. वॉलेसला पैशाची ओढ असल्याचे कळताच डार्विनने खटपट करून १८८१ साली त्यास वार्षिक दोनशे पौंडांचे सरकारी पेन्शन मिळवून दिले. १८८२ च्या एप्रिलमध्ये डार्विन निवर्तला, तेव्हा वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत वॉलेस होता. भाऊबंदकीच्या वादांनी ग्रासलेल्या आम्हां लोकांस याहून चांगला पाठ कोठे मिळेल?

या दोघांस सर्व काही कळले होते असे नव्हे. आईबापांचे गुण मुलांत कोणत्या नियमाने उतरतात, हे डार्विनला अखेरपर्यंत उमगले नाही. मेंडेल या धर्मोपदेशकाने वाटाण्यांवरील प्रयोगांतून ते नियम १८६६ साली प्रसिद्ध केले होते, पण १९०० सालापर्यंत जगाचे तिकडे लक्षच गेले नाही. त्यानंतर मात्र दोन्ही प्रवाह एकत्र आले. गालापागोसमधील एका लहानशा बेटावर पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून फिंच पक्ष्यांचे मोजमाप घेतले. १९७७ साली मोठे अवर्षण पडले. बारीक मऊ बिया संपल्या, मोठ्या टणक उरल्या. जाड चोचीचे पक्षी अधिक वाचले आणि त्यांची पुढची पिढी जाड चोचीची निपजली. पुढे अतिवृष्टी होऊन बारीक बियांची समृद्धी झाली, तेव्हा फासे उलटे पडले. डार्विनने ज्यास हजारो वर्षे लागतील असे मानले, ते या दोघांनी डोळ्यांदेखत पाहिले.

आता दोन गैरसमज. पहिला, माणूस माकडापासून झाला. शास्त्राचे म्हणणे तसे नाही. आज रानात दिसणारे माकड हे आपले पूर्वज नव्हे. त्याचे व आपले पूर्वज फार मागे एक होते. चिंपांझीच्या शाखेपासून आपली शाखा सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. दोन चुलत घराणी वेगळी झाली म्हणजे एक दुसऱ्यापासून जन्मले, असे आपण म्हणत नाही.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. 'बळी तो कान पिळी' हाच निसर्गाचा कायदा, असे सांगून काही लोकांनी या सिद्धांताच्या नावाखाली एका वंशास उच्च व दुसऱ्यास नीच ठरविले. वस्तुतः फिंच पक्ष्यांनी काय दाखविले? अवर्षणात जी चोच श्रेष्ठ, ती अतिवृष्टीत गैरसोयीची. कोणताही गुण सर्वकाळ श्रेष्ठ नसतो. आणि ज्या कळपात सर्व एकसारखे, तो परिस्थिती पालटताच धोक्यात येतो. रक्ताच्या शुद्धीचा अभिमान या सिद्धांतात बसत नाही.

आपले मंडळ कुलवृत्तांत जमविते, हे चांगले काम आहे. माझे स्वतःचे घराणे मी पाच पिढ्यांपर्यंत लिहून दिले आहे. परंतु पाच पिढ्यांच्या मागे पन्नास, पन्नासांच्या मागे पाचशे पिढ्या आहेत. जसजसे मागे जावे तसतशी आपली व शेजाऱ्याची, या ज्ञातीची व त्या ज्ञातीची वंशावळ एकमेकींत मिसळू लागते, आणि अखेरीस सारी मनुष्यजात एका घरची निघते. याने आपल्या पूर्वजांचा अवमान होतो असे मला वाटत नाही. आप्त वाढले म्हणून कोणी लहान होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आज आपणांस बक्षिसे मिळतील. ज्यांना मिळणार नाहीत, त्यांनी चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या वॉलेसला आठवावे. त्यास वाचनालयाने घडविले. आणि वडीलधाऱ्यांना हात जोडून एवढीच विनंती की, मुलांनी विचारलेल्या प्रश्नास आपण हसू नये. उत्तर ठाऊक नसेल तर मिळून शोधावे.

ती मुलगी आज समोर बसली आहे. बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: तो भाग खोटा ठरला म्हणून काढलेला नाही. तो खरा आहे, असे जगातील जीवशास्त्र पुराव्यानिशी सांगते. ताईचे पुस्तक माग आणि तो पाठ वाच. अडले तर माझ्याकडे ये. मलाही सर्व येत नाही, आपण दोघे मिळून वाचू. आणि तुझे आजोबा माझे जुने स्नेही आहेत. त्यांनाही बरोबर आण.